वारा समजून घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी?

शाळेत मी वाऱ्यांचा धडा पाठ केला होता. विषुववृत्ताजवळ शांत पट्टा, मग ३० अंशांपर्यंत व्यापारी वारे, ६० अंशांपर्यंत पश्चिमी वारे, पुढे ध्रुवीय वारे. परीक्षेत आकृती बिनचूक काढली. पण दुपारी एका बाजूने येणारा वारा रात्री उलटा का फिरतो, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पुष्कळ वर्षांनी उलट्या क्रमाने शिकायला लागले, आधी कारण आणि मग पट्टे, तेव्हा धडा उलगडला. किनाऱ्यावरची दुपारची झुळूक आणि निम्म्या महासागरावरून वाहणारा व्यापारी वारा एकाच कारणाने सुटतात. फरक इतकाच की एकाला पृथ्वीने वळवावं एवढा वेळ मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. हे एकदा पटलं की पुढचं सगळं त्याच्या मागोमाग येतं, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. हाताशी एक वही, होकायंत्र (फोनमधलं चालेल) आणि जगाचा नकाशा असू द्या. पृथ्वीगोल मिळाला तर फारच छान.

पायरी १ : दिशेचं नाव नीट घ्या

वाऱ्याला नाव मिळतं ते तो जिथून येतो त्या दिशेचं. पश्चिमी वारा पश्चिमेकडून येतो आणि पूर्वेकडे जातो. समुद्रप्रवाहांची रीत नेमकी उलट आहे, तिथे पाणी जिकडे चाललंय ती दिशा सांगतात. नवखे लोक इथेच अडखळतात, म्हणून हे आधी पक्कं करा.

दिशा ओळखायला उपकरण लागत नाही. मोकळ्या जागी उभं राहा, चेहरा वाऱ्याकडे करा आणि दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा येईपर्यंत मान हळूहळू फिरवा. आता नाक ज्या दिशेला आहे तिकडून वारा येतोय. भिंतीजवळ किंवा गल्लीत हे करू नका. तिथला वारा इमारतींनी वळवलेला असतो. हवामान केंद्रांवरही वारा मोकळ्या मैदानात, जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजतात, ते याच कारणाने.

पायरी २ : हवेला वजन आहे, हे मनापासून माना

समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो असतं. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत जवळजवळ ७२ किलो हवा असते, म्हणजे एका मोठ्या माणसाइतकी. आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचा भार म्हणजे वायुदाब. समुद्रसपाटीला त्याची सरासरी १०१३ हेक्टोपास्कल धरतात. मिलिबार म्हटलं तरी आकडा तोच.

वर चढताना हा दाब भराभर कमी होतो, जमिनीजवळ दर ८ मीटरला सुमारे १ हेक्टोपास्कल. आडव्या दिशेत मात्र १ हेक्टोपास्कलचा फरक दिसायला कित्येकदा १०० किलोमीटर जावं लागतं. मग हवा जोराने वर का उसळत नाही? कारण वरच्या दिशेने ढकलणाऱ्या दाबाला गुरुत्वाकर्षण जवळजवळ तंतोतंत तोलून धरतं. आडव्या दिशेत तसा तोल सांभाळणारं कुणी नसतं. त्यामुळे तो चिमूटभर फरकच हवेला पळवतो. हवेच्या या आडव्या पळण्यालाच आपण वारा म्हणतो. वर जाणारी किंवा खाली उतरणारी हवा हा वारा नव्हे, तो उभा प्रवाह.

पायरी ३ : उष्णतेतून दाबाचा फरक कसा तयार होतो

या पायरीवर घाई करू नका, माझ्या मते सगळा विषय इथे आहे.

‘गरम हवा वर जाते, जागा रिकामी होते, ती भरायला थंड हवा येते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. त्यातून मधला दुवा निसटतो. डोळ्यांसमोर हवेचे दोन उंच स्तंभ आणा, शेजारीशेजारी, सारख्या वजनाचे. जमिनीवर दोन्हींचा दाब सारखा, म्हणून वारा नाही. आता एक स्तंभ तापवा. तो फुगतो, उंच होतो. वजन अजून तेवढंच आहे, पण त्यातली हवा वर सरकली आहे. म्हणजे समजा एक किलोमीटर उंचीवर पाहिलं, तर तापलेल्या स्तंभात त्या पातळीच्या वर थंड स्तंभापेक्षा जास्त हवा आहे. म्हणून त्या उंचीवर तापलेल्या बाजूला दाब जास्त. तिथे, वरती, हवा तापलेल्या बाजूकडून थंड बाजूकडे वाहू लागते.

असं झालं की तापलेल्या स्तंभातली हवा घटते, त्याचं वजन उतरतं आणि जमिनीवरचा दाब कमी होतो. थंड स्तंभात भर पडते, तिथे जमिनीवरचा दाब वाढतो. मग खाली थंडीकडून उष्णतेकडे वारा सुटतो. तापलेल्या बाजूला हवा वर चढते, थंड बाजूला खाली उतरते आणि चक्र पुरं होतं.

हे एकदा कागदावर काढा. दोन स्तंभ, वर एक बाण, खाली उलटा बाण, बाजूला दोन उभे बाण. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वाऱ्यात हेच चित्र वेगवेगळ्या आकाराचं होऊन भेटणार आहे.

पायरी ४ : सगळ्यात छोटं चक्र आधी पाहा

समुद्रकिनारा किंवा मोठा तलाव हा या अभ्यासाचा उत्तम वर्ग आहे. उन्हात वाळू पायाला चटका देते तेव्हा पाणी थंडच असतं. सारख्या वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा पाणी तापवायला चार ते पाच पट उष्णता लागते. शिवाय ऊन पाण्यात खोलवर शिरतं, लाटा ती उष्णता ढवळून खाली नेतात, बाष्पीभवनातही बरीच खर्च होते. जमिनीचा मात्र वरचा पातळ थरच सगळं ऊन घेतो.

म्हणून सकाळ सरता सरता जमिनीवरची हवा तापून फुगते आणि पाण्यावरून जमिनीकडे खारा वारा सुरू होतो. दुपारी तो सर्वांत जोरदार असतो. त्याची जाडी काही शे मीटर, फार तर एखादा किलोमीटर. आत शिरकाव बहुधा काही दशक किलोमीटर. रात्री जमीन लवकर निवते, पाणी ऊब धरून ठेवतं आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो दुबळा असतो, कारण रात्री दोन्हींच्या तापमानातला फरक दुपारइतका नसतो. शिडाच्या होड्यांवर मासेमारी करणारे पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत, तो हाच हिशेब.

निरभ्र, शांत दिवस निवडून सकाळी ८ पासून दर दोन तासांनी दिशा लिहा. ढगाळ किंवा वादळी दिवशी निराशा होईल, कारण तेव्हा मोठे वारे या छोट्या चक्राला पुसून टाकतात.

पायरी ५ : पृथ्वीचं फिरणं हिशेबात घ्या

विषुववृत्तावर जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने फिरते. ३० अंशांवर हा वेग जवळपास १४५० आणि ६० अंशांवर अगदी निम्मा, ८३५. आता ३० अंशांवरची हवा विषुववृत्ताकडे निघाली असं समजा. तिचा पूर्वेकडचा वेग कमी, खालची जमीन जास्त वेगाने पळणारी. हवा मागे पडते, म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्याला ती पूर्वेकडून आल्यासारखी वाटते. व्यापारी वारे पूर्वेकडून का येतात याचं हे स्पष्टीकरण लंडनचे वकील जॉर्ज हॅडली यांनी १७३५ साली मांडलं. त्याआधी १६८६ मध्ये एडमंड हॅली यांनी या वाऱ्यांचा नकाशा काढला होता, पण पूर्व दिशेचं कारण त्यांना नीट सापडलं नव्हतं.

हॅडलींचा विचार उत्तर-दक्षिण जाणाऱ्या हवेपुरता होता. प्रत्यक्षात कोणत्याही दिशेने जाणारी हवा वळते. फिरत्या यंत्रांचं गणित मांडताना गास्पार गुस्ताव्ह कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये हा परिणाम लिहिला, आणि विल्यम फेरेल यांनी १८५६ पासून तो वातावरणाला लावून दाखवला. नियम सोपा आहे. उत्तर गोलार्धात वारा आपल्या मार्गाच्या उजवीकडे वळतो, दक्षिण गोलार्धात डावीकडे. विषुववृत्तावर हा परिणाम शून्य, ध्रुवांकडे वाढत जाणारा. तो वाऱ्याचा वेग वाढवत नाही, फक्त दिशा बदलतो.

आता वेळेचा हिशेब करा. खारा वारा ताशी २० किलोमीटरने ३० किलोमीटर आत येतो, दीड तासात. तेवढ्यात पृथ्वी फारशी फिरत नाही, म्हणून तो जवळपास सरळ येतो. त्याच वेगाने ३० अंशांवरून विषुववृत्तापर्यंतचं सुमारे ३३०० किलोमीटर अंतर कापायला सात दिवस लागतात. दरम्यान पृथ्वी सात वेळा फिरून झालेली असते. अशी हवा वळल्याशिवाय कशी राहील? विषुववृत्तापासून दूरच्या किनाऱ्यांवर तर दिवसभर टिकलेला खारा वाराही संध्याकाळपर्यंत किनाऱ्याला तिरपा होत जातो. मला हे निरीक्षण फार आवडतं. छोट्या वाऱ्याला पुरेसा वेळ मिळाला की तोही वळतो, हे त्यात डोळ्यांनी दिसतं.

याच कारणाने मोरीतलं पाणी दोन गोलार्धांत उलटसुलट फिरतं ही गोष्ट खरी नाही. काही सेकंदांत रिकामी होणारी मोरी पृथ्वीला तेवढी सवडच देत नाही. तिथे भोवरा ठरतो तो भांड्याच्या आकारावर आणि पाणी आधी कसं हललं होतं त्यावर.

पायरी ६ : आता पट्टे नकाशावर मांडा

विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर तापवतो. हवा वर चढते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊन गडगडाटी ढग आणि पाऊस होतो, जमिनीवर दाब कमी राहतो. इथे आडवा वारा मंद असतो, शिडाची जहाजं दिवसेंदिवस अडकून पडत, म्हणून हा शांत पट्टा. वर गेलेली हवा दोन्ही ध्रुवांकडे निघते, वळत वळत पूर्वेकडे झुकते, उष्णता गमावते आणि ३० अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरताना दाबली जाऊन ती तापते आणि कोरडी पडते. सहारा, कलहारी आणि ऑस्ट्रेलियातली वाळवंटं नकाशावर शोधा. बहुतेक याच उतरत्या हवेखाली सापडतील.

खाली आलेली हवा दोन वाटांनी फुटते. विषुववृत्ताकडे वळलेली ती व्यापारी वारे होते, उत्तर गोलार्धात ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून. हे नाव जरा फसवं आहे. इंग्रजीत ‘ट्रेड’ या शब्दाचा जुना अर्थ वाट, ठरलेला मार्ग. एकाच वाटेने वाहणारे ते ट्रेड वारे. व्यापाराचा अर्थ नंतर चिकटला आणि मराठीत तोच उतरला. पण नावाने दिशाभूल झाली तरी जहाजांना त्यांचा उपयोग झाला हे खरं. कोलंबस १४९२ मध्ये याच वाऱ्यांवर अटलांटिक ओलांडून गेला, आणि परतताना उत्तरेकडे सरकून पश्चिमी वाऱ्यांवर आला. आजही हे वारे सहाराची धूळ कॅरिबियन बेटांपर्यंत आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यापर्यंत वाहून नेतात.

ध्रुवांकडे निघालेली दुसरी वाट म्हणजे ३० ते ६० अंशांमधले पश्चिमी वारे. उत्तरेत खंड आणि डोंगर त्यांना अडवतात. दक्षिणेत ४० अंशांच्या पलीकडे जवळपास नुसतं पाणी आहे, अडवायला काही नाही. म्हणून तिथे गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास, किंचाळणारे साठ ही खलाशांनी दिलेली नावं. डच दर्यावर्दी हेंड्रिक ब्राउवर १६११ साली याच पट्ट्यातून पूर्वेकडे गेला आणि जावाचा प्रवास त्याने कितीतरी कमी केला. ६० अंशांच्या पुढे ध्रुवावरून उतरणारी थंड हवा पूर्वेकडून वाहते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. व्यापारी वाऱ्यांचं चक्र खरोखर चक्र आहे, उष्णतेवर चालणारं. मधल्या पट्ट्यातलं चक्र तसं नाही. तिथे रोजचा कारभार आवर्त आणि प्रत्यावर्त चालवतात, म्हणजे कमी आणि जास्त दाबाचे फिरते भोवरे. पश्चिमी वारे ही त्यांची सरासरी आहे. एखाद्या दिवशी तिथे वारा कुठूनही येऊ शकतो.

याच भागात ९ ते १२ किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह वाहतात, ताशी १०० किलोमीटरच्या बरेच वर, कधी ४०० पर्यंत. पूर्वेकडे जाणारी विमानं त्यांचा फायदा घेतात. जपानचे वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वेगवान वारा मोजला होता. अहवाल त्यांनी एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला आणि तो फारसा कुणी वाचलाच नाही. इतकं चांगलं काम असं दुर्लक्षित राहावं, याची मला आजही हळहळ वाटते.

पायरी ७ : पट्टे ऋतूंबरोबर सरकवा

सूर्याची उभी किरणं जूनमध्ये कर्कवृत्तावर, डिसेंबरमध्ये मकरवृत्तावर पडतात. सगळे पट्टे त्यामागोमाग, थोडे उशिरा, उत्तर-दक्षिण सरकतात. जमिनीवर जास्त, समुद्रावर कमी.

मोसमी वारे इथूनच समजतात. आग्नेयेकडून येणारा दक्षिण गोलार्धातला व्यापारी वारा विषुववृत्त ओलांडतो. ओलांडल्यावर नियम बदलतो, आता वळायचं ते उजवीकडे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून तो अरबी समुद्रावर येतो तोवर नैर्ऋत्य वारा झालेला असतो आणि जून ते सप्टेंबर भारतीय उपखंडावर पाऊस आणतो. हिवाळ्यात आशिया खंड थंड पडतो, दाब वाढतो, वारे ईशान्येकडून उलटे फिरतात. नकाशावर बोटाने ही वाट गिरवून पाहा. मान्सून हा शब्द अरबीतल्या ‘मौसिम’वरून आला, अर्थ ऋतू. खंडाखंडाच्या मापाचं खारं-मतलई वारं, दिवसाऐवजी वर्षात एकदा फिरणारं, अशी कल्पना सुरुवातीला उपयोगी पडते. पण वळण्याचा भाग सोडला तर ती अपुरी राहते.

पायरी ८ : डोंगर काय करतात ते पाहा

दिवसा डोंगरउतार तापतात आणि वारा दरीतून वर चढतो, तो दरीय वारा. रात्री उतार निवतात, थंड जड हवा खाली घसरते, तो पर्वतीय वारा. म्हणून पहाटे दरीच्या तळाशी गारठा आणि धुकं जास्त.

डोंगर ओलांडणाऱ्या वाऱ्याचं गणित हातानेच करून पाहण्यासारखं आहे. २० अंश तापमानाची हवा ३००० मीटर उंच डोंगर चढते आहे. ढग बनेपर्यंत ती दर किलोमीटरला १० अंश निवते. १००० मीटरवर १० अंश झाली आणि ढग तयार झाला असं धरा. आता वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे पुढे निवणं मंदावतं, समजा किलोमीटरला ६ अंश. माथ्यावर उणे २. पाणी पावसाच्या रूपाने अलीकडेच पडून गेलं. पलीकडे कोरडी हवा ३००० मीटर उतरते आणि दर किलोमीटरला पुरे १० अंश तापते. पायथ्याशी तापमान २८! तीच हवा, आठ अंशांनी उबदार. आल्प्समध्ये हा फॉन, रॉकी पर्वताच्या पूर्वेला चिनूक. २२ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या स्पिअरफिश गावी चिनूकने तापमान दोन मिनिटांत उणे २० वरून ७ अंश सेल्सिअसवर नेलं.

सगळेच उतरते वारे उबदार नसतात. मुळात हवा फारच थंड असेल तर उतरताना तापूनही ती थंडच राहते. अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या घुमटावरून समुद्राकडे कोसळणारे वारे असे आहेत, एड्रियाटिक समुद्रावरचा बोराही तसाच. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे सुटणारा थंड मिस्त्राल अरुंद जागेत शिरून आणखी जोर धरतो. सहारातून पश्चिम आफ्रिकेवर येणारा धुळीचा हरमॅटन, भूमध्य समुद्रावर येणारा सिरोक्को, उत्तर भारतातली मे-जूनची लू यांच्यात ज्या भूमीवरून वारा आला तिचे गुण असतात. स्थानिक वाऱ्यांची यादी पाठ करत बसू नका. नाव भेटलं की नकाशा उघडा आणि विचारा, तो कशावरून आला, चढला की उतरला.

पायरी ९ : हवामानाचा नकाशा वाचा

समदाब रेषा सारख्या दाबाच्या ठिकाणांना जोडतात. त्या जितक्या जवळजवळ, तितका वारा जोराचा. वारा मात्र जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ जात नाही. उंचावर तो वळत वळत जवळपास या रेषांना समांतर होतो. जमिनीजवळ घर्षण त्याचा वेग कमी करतं, वळणं कमी पडतं, आणि तो रेषा तिरप्या कापत कमी दाबाकडे शिरतो. समुद्रावर हा तिरपेपणा थोडा, खडबडीत जमिनीवर जास्त. म्हणून उत्तर गोलार्धातलं आवर्त घड्याळाच्या उलट दिशेने आत फिरतं, दक्षिणेतलं घड्याळाप्रमाणे. विषुववृत्ताच्या अगदी जवळ चक्रीवादळं जवळजवळ होत नाहीत, कारण तिथे वळवणारं बळच नाही.

डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये दिलेला नियम खिशात ठेवा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलात तर कमी दाब डाव्या हाताला असतो. दक्षिणेत उजव्या हाताला. खाऱ्या वाऱ्याला किंवा दरीतल्या वाऱ्याला हा नियम लावू नका.

पायरी १० : वही भरायला घ्या

वेग अंदाजाने सांगायला फ्रान्सिस ब्युफोर्ट यांनी १८०५ मध्ये ० ते १२ अशी श्रेणी तयार केली. सुरुवातीला इतकं पुरे : चेहऱ्याला वारा जाणवतो आणि पानं सळसळतात ती श्रेणी २, ताशी ६ ते ११ किलोमीटर. धूळ आणि कागद उडतात ती ४, ताशी २० ते २८. छत्री धरणं अवघड होतं ती ६, ताशी ३९ ते ४९. झाडांच्या काटक्या मोडतात ती ८, ताशी ६२ ते ७४.

रोज तीन वेळा, सकाळ, दुपार, रात्र, दिशा आणि श्रेणी लिहा. शेजारी त्या दिवशीच्या हवामान नकाशावरून वाऱ्याची अपेक्षित दिशा लिहा. दोन्ही जुळले तर तो मोठा वारा. दुपारी वेगळा आणि रात्री पुन्हा वेगळा निघाला, तर किनारा, तलाव किंवा डोंगर आपलं काम करतोय. ढग असतील तेव्हा एखादा खांब किंवा झाडाचा शेंडा नजरेत धरून खालचे आणि वरचे ढग कुठून कुठे सरकतात तेही नोंदवा. पुष्कळदा ते वेगवेगळ्या दिशांनी जाताना दिसतील, आणि जमिनीवरचा वारा तिसऱ्याच दिशेचा असेल. अशा दिवसाची नोंद सविस्तर करा, वेळेसकट.